वि.म. दांडेकर

विनायक महादेव दांडेकर (६ जुलै, इ.स. १९२० – ३० जुलै, इ.स. १९९५) हे मराठी अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ते इ.स. १९६६ ते १९८० या काळात संचालक होते. भारतातील दारिद्र्याचे मोजमाप, क्षेत्राधारित पीकविमा आणि महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल हे त्यांच्या कार्याचे तीन प्रमुख विषय होत. महाराष्ट्र शासनाने इ.स. १९८३ मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीचे ते अध्यक्ष होते. ही समिती 'दांडेकर समिती' या नावाने ओळखली जाते. कोणत्या जिल्ह्यात सार्वजनिक सोयी किती कमी आहेत आणि ती उणीव भरून काढण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब या समितीने मांडला. 'अनुशेष' हा शब्द त्यानंतर महाराष्ट्राच्या राजकारणात व अर्थसंकल्पात रूढ झाला.

गोखले संस्थेतील जडणघडण

गोखले संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहणीवर आधारित अर्थशास्त्राची परंपरा तेथे रुजवली. दांडेकरांचे संशोधन याच परंपरेत घडले. संख्याशास्त्र हे त्यांचे मुख्य साधन होते, तर शेती व ग्रामीण समाज हे त्यांचे मुख्य अभ्यासक्षेत्र होते.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या नियोजनासाठी विश्वसनीय आकडेवारीची गरज भासू लागली. त्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत निवडलेल्या १,८३३ गावांपैकी काही गावांत गोखले संस्थेने तयार केलेली प्रश्नपत्रके वापरण्यात आली. या 'पुणे प्रश्नपत्रकां'वरील अहवाल दांडेकरांनी लिहिला व तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच गोष्ट दोन वेगळ्या पद्धतींनी विचारली, तर उत्तरे कशी बदलतात, हा प्रश्न या कामाच्या मुळाशी होता. आकडा कसा मिळवला हे सांगितल्याशिवाय तो आकडा पूर्ण होत नाही, हा दंडक त्यांनी पुढेही पाळला.

त्याच वर्षी कुमुदिनी दांडेकर यांच्यासह त्यांनी केलेली पुणे जिल्ह्यातील जन्म-मृत्यू प्रमाणांची पाहणी प्रसिद्ध झाली. १९५७ मध्ये म.भा. जगताप यांच्यासह लिहिलेला 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' हा मराठी ग्रंथ व गो.ज. खुदानपूर यांच्यासह केलेला मुंबई कुळकायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या अभ्यासात १९४८ च्या कायद्याने कुळांना दिलेले संरक्षण प्रत्यक्ष गावांत कितपत पोचले, याची तपासणी होती. कायद्याची तरतूद आणि तिचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी असून दोन्ही स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात, हे त्यातून पुढे आले.

दारिद्र्याचे मोजमाप

दांडेकर व नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला व पुढे पुस्तकरूपाने आला. माणसाला दररोज सुमारे २,२५० उष्मांकांचे अन्न मिळावे, हा निकष त्यांनी घेतला. एवढे अन्न ज्या खर्चाच्या पातळीवर मिळते, ती पातळी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीतून शोधली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरडोई दरमहा सुमारे १५ रुपये, तर शहरी भागात सुमारे २२.५० रुपये ठरली. या हिशेबाने ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीच्या खाली होते.

या अभ्यासावर मोठा वाद झाला. पुण्यातीलच ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ पां.वा. सुखात्मे यांनी उष्मांकांच्या निकषावर आक्षेप घेतला. एकाच माणसाची उष्मांकांची गरजही दिवसागणिक बदलते, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक माणूस कुपोषित मानता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी या आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले. दोघांचे निष्कर्ष वेगळे असले, तरी ज्या आकडेवारीवर ते काढले होते, ती दोघांसमोर सारखीच होती.

दारिद्र्यावर उपाय म्हणून दांडेकर व रथ यांनी ग्रामीण सार्वजनिक कामांतून रोजगार पुरवण्याचा मार्ग सुचवला. महाराष्ट्रात वि.स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमीची कल्पना याच काळात आकार घेत होती. १९७२ च्या दुष्काळात सार्वजनिक कामांचा विस्तार झाला व पुढे रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. माधव साठे यांच्यासह दांडेकरांनी या योजनेच्या कामकाजाची पाहणी केली. ती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

पीकविमा

भारतात प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतातील नुकसान स्वतंत्रपणे मोजणे खर्चिक व वादग्रस्त ठरते. त्याऐवजी एका ठरावीक क्षेत्रातील सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगांवरून काढावे आणि ते नेहमीच्या उत्पन्नापेक्षा घटले, तर त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा प्रस्ताव दांडेकरांनी १९७० च्या दशकात मांडला. त्यावर आधारित प्रायोगिक योजना १९७९ मध्ये भारतीय साधारण विमा निगमाने सुरू केली. १९८५ मध्ये केंद्र शासनाने सर्वंकष पीकविमा योजना आणली. पुढील योजनांतही क्षेत्राचे तत्त्व कायम राहिले. या कार्यामुळे दांडेकरांना भारतातील पीकविम्याचे जनक म्हटले जाते.

या पद्धतीचा एक कच्चा दुवाही तिच्या रचनेतच आहे. क्षेत्र मोठे असेल, तर एका गावातील गारपीट किंवा पावसाचा खंड सरासरीत लपून जातो. मोजमापाचे एकक किती मोठे घ्यावे, हा प्रश्न दांडेकरांच्या नंतरच्या कामातही पुन्हा उभा राहिला.

सत्यशोधन समितीची पार्श्वभूमी

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. त्यात एकत्र आलेल्या प्रदेशांचा प्रशासकीय इतिहास वेगवेगळा होता. पश्चिम महाराष्ट्र व कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, तर मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तत्कालीन उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, मराठवाड्याचाच भाग होता. रस्ते, शाळा, दवाखाने व पाटबंधारे यांची सुरुवात या प्रदेशांत सारख्या पातळीवरून झाली नव्हती.

विदर्भ व मराठवाड्याला विकासात न्याय्य वाटा मिळावा, हे आश्वासन २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विकास मंडळांची तरतूद आली. तरीही पुढील पंचवीस वर्षांत या प्रदेशांतील तक्रार वाढत गेली. १९७४ मध्ये मराठवाड्यात विकासासाठी मोठे आंदोलन झाले. प्रत्येक प्रदेश आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगत होता, परंतु अन्याय किती, कोणत्या क्षेत्रात व कोणत्या जिल्ह्यात, हे सर्वमान्य पद्धतीने कोणी मोजलेले नव्हते. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. समितीने एप्रिल १९८४ मध्ये अहवाल सादर केला.

दांडेकरांच्या नियुक्तीला गोखले संस्थेच्या परंपरेचीही पार्श्वभूमी होती. गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना केंद्राचे योजनासाहाय्य राज्यांमध्ये कसे वाटावे, याचे सूत्र १९६९ मध्ये ठरले. ते 'गाडगीळ सूत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. राज्याराज्यांमधील वाटपाचा हाच प्रश्न दांडेकर समितीपुढे जिल्ह्याजिल्ह्यांच्या पातळीवर आला.

समितीची कार्यपद्धती

समितीने रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तांत्रिक शिक्षण, आरोग्यसेवा, पाणीपुरवठा, भूविकास व मृदसंधारण आणि पशुवैद्यकीय सेवा या नऊ क्षेत्रांचा विचार केला. प्रत्येक क्षेत्रासाठी मोजता येईल असे निर्देशक ठरवले व जिल्हा हे एकक धरले.

हिशेबाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिल्या पायरीत निर्देशकाची राज्य सरासरी काढण्यात आली. दुसऱ्या पायरीत एखादा जिल्हा सरासरीच्या किती खाली आहे, हे पाहण्यात आले. ही तूट म्हणजे त्या जिल्ह्याचा भौतिक अनुशेष. तिसऱ्या पायरीत ती तूट भरून काढण्यास चालू दराने किती खर्च येईल, हे काढण्यात आले. हा आर्थिक अनुशेष होय. उदाहरणार्थ, एखाद्या सोयीची राज्य सरासरी ठरावीक लोकसंख्येमागे १० असेल आणि जिल्ह्यात ती ७ असेल, तर ३ एककांचा भौतिक अनुशेष निघतो व त्याला एका एककाच्या खर्चाने गुणले की रुपयांतील अनुशेष मिळतो. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याचे आधिक्य मात्र शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा केलेले नाही. लातूरमध्ये महाविद्यालये अधिक असली, म्हणून परंड्याच्या विद्यार्थ्याची अडचण कमी होत नाही, असा या नियमाचा अर्थ सांगता येईल.

सिंचनाची तुलना अधिक अवघड होती. एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर रब्बी ज्वारी यांना लागणारे पाणी सारखे नसते. म्हणून निरनिराळ्या पिकांखालील सिंचन रब्बी पिकाच्या समान मापात आणून ते पेरणीक्षेत्राशी ताडून पाहण्यात आले. सिंचित क्षेत्राचा आकडा फक्त एकरांत न पाहता पाण्याच्या मापात पाहण्याची सवय त्यामुळे लागली.

निष्कर्ष

समितीने काढलेला एकूण अनुशेष ३,१८६.७७ कोटी रुपये होता. त्याची विभागणी पुढीलप्रमाणे होती:

विदर्भ – १,२४६.५४ कोटी रुपये (३९.१२ टक्के)
मराठवाडा – ७५०.८५ कोटी रुपये (२३.५६ टक्के)
उर्वरित महाराष्ट्र – १,१८९.३८ कोटी रुपये (३७.३२ टक्के)

सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा होता. सिंचनाचा अनुशेष १,३८५.९२ कोटी रुपये, म्हणजे एकूण अनुशेषाच्या दोन पंचमांशांहून अधिक होता. त्यात विदर्भाचा वाटा ५२७.३० कोटी, मराठवाड्याचा ३२३.५० कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा ५३५.१२ कोटी रुपये होता.

उर्वरित महाराष्ट्राचा वाटा अनेकांना अनपेक्षित होता. 'विकसित' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागाच्या पोटातही मागे पडलेले जिल्हे आहेत, हे जिल्हानिहाय मोजणीमुळे दिसून आले. याउलट, विभागांची एकत्रित तुलना केली असती, तर प्रगत जिल्ह्यांच्या आकड्यांनी ही तूट झाकली असती.

स्वीकार आणि टीका

शासनाने अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला नाही. तथापि १९८५-८६ पासून राज्याच्या योजनेत अनुशेष दूर करण्यासाठी तरतूद होऊ लागली. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै १९८४ मध्ये विकास मंडळांच्या स्थापनेची मागणी करणारा ठराव केला. राष्ट्रपतींच्या ९ मार्च १९९४ च्या आदेशानंतर विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी तीन वैधानिक विकास मंडळे अस्तित्वात आली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली.

समितीच्या पद्धतीवर अनेक बाजूंनी टीका झाली. विदर्भाचा प्रश्न हा विभागाचा प्रश्न असताना तो जिल्ह्यांत विभागला गेला व विकसित भागालाही अनुशेषाचा मोठा वाटा मिळाला, असा एक आक्षेप होता. सरासरी हा निकष स्थिर नाही, असा दुसरा आक्षेप होता. प्रगत जिल्हे पुढे जात राहिले की सरासरी वर सरकते आणि जुना अनुशेष भरला, तरी नवा निर्माण होतो. इमारत किंवा रस्ता मोजला जातो, पण शाळेतील शिकवण्याचा दर्जा किंवा दवाखान्यातील डॉक्टरची उपस्थिती मोजली जात नाही, याकडेही लक्ष वेधले गेले. तसेच रुपयांतील अनुशेष त्या वर्षीच्या दरांवर आधारलेला असल्याने काम लांबत गेले, तसा तो आकडा अपुरा ठरत गेला.

पुढील समित्यांच्या कामात यांतील काही आक्षेपांचे प्रतिबिंब दिसते. राज्यपालांनी १९९५ मध्ये नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष मोजला. सुधारित हिशेबानुसार तो १४,००६.७७ कोटी रुपये होता. त्यात विदर्भाचे ६,६२४.०२ कोटी, मराठवाड्याचे ४,००४.५५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचे ३,३७८.२० कोटी रुपये होते. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला व जिल्ह्याऐवजी तालुक्याला महत्त्व दिले. अनुशेषाचा पैसा खर्च झाला, तरी प्रत्यक्ष सिंचन वाढतेच असे नाही, हेही दरम्यानच्या काळात स्पष्ट झाले. अमरावती विभागातील चार जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष दीर्घकाळ शिल्लक राहिला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

धाराशिव जिल्हा आणि दांडेकरांची पद्धत

दांडेकरांच्या पद्धतीचे बळ आणि मर्यादा धाराशिव जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजू शकतात. जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून त्याचा काही भाग मांजरा व तेरणा यांच्यामार्फत गोदावरी खोऱ्यात, तर भूम-परंड्याकडील भाग सीना नदीमार्फत कृष्णा खोऱ्यात येतो. एकाच जिल्ह्यासाठी दोन खोऱ्यांतील पाण्याचा हिशेब मांडावा लागतो. कृष्णा-मराठवाडा सिंचन प्रकल्पाची मागणी याच परिस्थितीतून आली. जिल्ह्याचा एकच सरासरी आकडा हा फरक दाखवू शकत नाही.

जिल्ह्याच्या सीमा बदलल्या की जुनी आकडेवारीही बदलावी लागते. समिती नेमली जाण्याच्या आदल्या वर्षी, १६ ऑगस्ट १९८२ रोजी, उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेतील उस्मानाबाद आणि त्यानंतरचा उस्मानाबाद हे एकच नाव असलेले दोन वेगळे भूभाग आहेत. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना ही बाब लक्षात न घेतल्यास प्रगती किंवा पीछेहाट यांचे चित्र चुकीचे उमटते. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाल्यानंतर जुन्या व नव्या नावांखालील नोंदी जुळवून पाहण्याचे कामही त्यात मिळाले आहे.

समितीच्या काळात अशी आकडेवारी प्रामुख्याने शासकीय खात्यांच्या दप्तरांत व छापील अहवालांत होती. आज राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणनेची गावनिहाय कोष्टके आणि केंद्र शासनाने २०१२ मध्ये सुरू केलेले खुल्या आकडेवारीचे संकेतस्थळ सर्वांना उपलब्ध आहे. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्हा कार्यक्रमासाठी महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि उस्मानाबाद या चार जिल्ह्यांची निवड केली. या कार्यक्रमात ४९ निर्देशकांवर जिल्ह्यांची प्रगती मोजून ती जाहीर केली जाते. निर्देशक ठरवून जिल्हानिहाय तूट पाहण्याची ही रीत दांडेकर समितीच्या रीतीशी मिळतीजुळती आहे. फरक असा की समितीने तुटीचे रूपांतर रुपयांत केले व त्यामुळे तिचे अहवाल निधीवाटपाच्या चर्चेचा आधार बनले. केवळ क्रमवारीतून एखाद्या जिल्ह्याला किती निधी मिळायला हवा, हे कळत नाही.

उत्तरकाळ

दांडेकरांनी १९७० मध्ये भारतीय अर्थविज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन केली. गोखले संस्थेतून निवृत्त झाल्यावर त्यांचे काम प्रामुख्याने याच संस्थेतून चालले. संस्थेचे इंग्रजी नियतकालिक १९८९ मध्ये सुरू झाले. त्यात आर्थिक प्रश्नांवरील लेखांबरोबरच शासकीय समित्यांच्या अहवालांचे सारांश व मूळ आकडेवारीची कोष्टके छापण्याची प्रथा होती, जेणेकरून दुर्मीळ अहवाल सामान्य अभ्यासकालाही हाताशी मिळावेत. शेतकरी व कामगार यांच्या हितसंबंधांवरील त्यांचे व्याख्यान-पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वातंत्र्योत्तर भारतीय अर्थव्यवस्थेवरील त्यांच्या बृहद्ग्रंथाचा शेतीविषयक पहिला खंड १९९४ मध्ये आला. लोकसंख्या, दारिद्र्य व रोजगार यांवरील दुसरा खंड त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशित झाला. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचे निधन झाले.

महत्त्व

दांडेकर समितीचे आकडे आता जुने झाले आहेत व तिचे निर्देशकही बदलले आहेत. परंतु मागासलेपणाचा दावा करणाऱ्याने क्षेत्र, एकक, वर्ष आणि दर सांगावा व तो नाकारणाऱ्यानेही त्याच चार गोष्टींवर उत्तर द्यावे, ही चौकट महाराष्ट्रात टिकून आहे. तिच्यामुळे विभागांतील भांडण संपले नाही. मात्र भांडणाचा विषय तपासता येण्याजोगा झाला, आणि एखाद्या दूरच्या तालुक्यातील शिक्षकाला, पत्रकाराला किंवा विद्यार्थ्यालाही प्रसिद्ध कोष्टके घेऊन तोच हिशेब पुन्हा मांडून पाहणे शक्य झाले.